गोऱ्हा ओरडलाच नाही

माझ्या पहिल्या नेमणुकीच्या गावात मी सायकलवरून शिरलो की बाप्ये माणसं ज्वारीत पळायची.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला कळलंच नाही. लिंबाखाली एक जण दाढी करून घेत बसला होता. माझी सायकल वळणावर दिसली तसा तो उठला आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून शेजारच्या शेतात शिरला. दाढी करणारा हातात वस्तरा घेऊन माझ्याकडे बघत राहिला. त्याला पळता येत नव्हतं, कारण सामान तिथंच मांडलेलं होतं.

"काय झालं त्यांना?" मी विचारलं.

"काई न्हाई साहेब," तो म्हणाला. "त्यायला दोनच लेकरं हायत आन् दोनी पोरी हायत."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आणीबाणीचं वर्ष होतं आणि गावोगाव नसबंदीचं वारं होतं. शाळेचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, ज्याला म्हणून सरकारी पगार होता त्याला माणसं आणायला सांगितलेलं होतं. तशात मी सरकारी माणूस, आणि माझ्या सायकलच्या मागच्या पिशवीतून एका लोखंडी चिमट्याच्या दोन मुठी हातभर बाहेर आलेल्या. चिमट्याचं तोंड पिशवीत होतं. ते लोकांनी मनानं पाहिलं होतं, आणि प्रत्यक्षापेक्षा बरंच मोठं पाहिलं होतं.

मी ज्वारीच्या दिशेनं तोंड करून मोठ्यानं सांगितलं, "अहो, हा चिमटा बैलासाठी आहे."

ज्वारीतून उत्तर आलं, "आज बैलासाठी हाय. उद्याचं कोनी सांगावं?"

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पोखर्णीच्या बाजूला एका गावात पत्र्याच्या खोलीत जनावरांचा दवाखाना होता, आणि त्यात मी एकटा. हुद्द्यानं मी स्टॉकमन. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरच्या हाताखालचा. पण डॉक्टर तालुक्याला बसत आणि गावात मीच दिसे, म्हणून लोक मला डाक्टरसाहेब म्हणत, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. परभणीला प्रशिक्षण घेऊन आलो होतो. घर चुडाव्याजवळ. वडील तिथं रेल्वेच्या रुळांच्या कामावर होते.

आमच्या घराण्याचा जनावरांशी संबंध जुना, पण तो मेलेल्या जनावरांशी. माझ्या आजोबांनी जन्मभर गावाची मेलेली ढोरं ओढली. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो आणि ते काम आमच्या लोकांनी टाकून दिलं. माझी ऑर्डर आली तेव्हा वडिलांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि एवढंच विचारलं, "जित्या ढोरायचं हाय ना?" मी हो म्हणालो. "मग जा," ते म्हणाले.

जित्या ढोरांना मी मनापासून जपत होतो. प्रशिक्षणात ज्या गोष्टीनं मी सगळ्यात भारावलो होतो ती हा चिमटाच. गोऱ्हा वयात आला की त्याला खच्ची करावं लागतं, नाहीतर तो औताला धड चालत नाही, माणसाच्या अंगावर येतो, दुसऱ्याच्या गायींमागं कुंपणं मोडत जातो. हे काम आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या बडवून होत आलेलं. गोऱ्ह्याला पाडायचं, पाय बांधायचे, आणि लाकडाच्या मोगरीनं नस ठेचायची. त्याचं ओरडणं पार शिवेपर्यंत ऐकू जाई. नंतर तेल-हळद लावत, आणि ते जनावर आठ-आठ दिवस वैरणीला तोंड लावत नसे. चिमट्यात मात्र कातडी फुटत नाही, रक्त येत नाही. वरून दाबायचं, आतली नस तेवढी तुटते. चार दिवस थोडी सूज, बस्स. मला वाटलं होतं, हे पाहून लोक मला खांद्यावर घेतील.

लोकांना तेच पटत नव्हतं. रक्त नाही, ओरडणं नाही, मग काम झालं कशावरून? बडवलेला बैल जितका ओरडतो तितका तो पुढं मजबूत होतो, त्याचं दुखणं खांद्यात उतरतं आणि तिथं बळ होऊन राहतं, असं मला चारचौघांनी समजावून सांगितलं. सांगणाऱ्यांत एक पदवीधरही होता.

पंचक्रोशीत बडवण्याचं काम एकच माणूस करायचा. साठीचा असेल. अंगानं वाळका, पण मनगटं बैलाच्या खुंट्यासारखी. त्याला सगळे आबा म्हणत. बाभळीची मोगरी तो खांद्यावर टाकून हिंडे, आणि ती वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली होती की लग्नात रुखवतावर मांडली असती तरी शोभली असती. आबाला एका कानानं कमी ऐकू यायचं. बैलांच्या ओरडण्यानं तो कान गेला, असं गाव म्हणे. आबा म्हणे, "न्हाई, बायकोच्या." मी आलो त्या दिवसापासून तो माझ्याशी अदबीनंच वागला. वाटेत भेटला की रामराम घाली, पिशवीकडं बघे आणि विचारी, "चाललाय का धंदा?" धंदा चालला नव्हता. तीन महिन्यांत एकाही शेतकऱ्यानं आपला गोऱ्हा माझ्यापुढं आणला नव्हता.

आणि मग एक दिवस दवाखान्यात एक बाई आली.

ती गावातल्या बऱ्यापैकी जमीन असलेल्या शेतकऱ्याची बायको. पस्तिशीची असेल. दवाखान्यात बाई एकटी येणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, दारातच उभी राहिली आणि सरळ कामाचं बोलली.

"तुमच्या चिमट्यानं ते वरडत न्हाई मनं. खरं का?"

"फार नाही ओरडत," मी म्हणालो. "दाबताना एकदा हिसडा देतं, मग उठून चरायला लागतं."

"तुमी सोता बगितलंय, का पुस्तकात हाय?"

"स्वतः बघितलंय. स्वतः केलंय."

हे खरं होतं. परभणीला मी चार बैल केले होते. पण ते बैल लोखंडी खोड्यात उभे केलेले असत, आणि बाजूला आमचे सर उभे असत. एवढं तपशिलात मी शिरलो नाही.

तिच्या गोऱ्ह्याची गोष्ट तिनं दारातच सांगितली. मोठा दुष्काळ सरत आला होता तेव्हा तिची गाय व्याली आणि आठ दिवसांत मेली. वासरू वाचणार नाही असं सगळ्यांनी सांगितलं. हिनं शेळीचं दूध आणि ज्वारीची आंबील फडक्यात भिजवून त्याला चोखायला दिली. पोखर्णीला नरसिंहाला नारळ बोलली. वासरू जगलं, आणि आपण जनावर आहोत हे विसरून वाढलं. ती विहिरीवर गेली की मागं विहिरीवर, चुलीपुढं बसली की दारातून मान आत. एकदा त्यानं मालकाचं धुऊन वाळत घातलेलं धोतर निम्मं खाल्लं होतं, तेव्हा मालक म्हणाला होता की या घरात एक तर हा राहील नाही तर मी. "मी काईच बोलले न्हाई," ती म्हणाली. "तवा ते समजले."

आता तोच गोऱ्हा तीन वर्षांचा झाला होता, आणि शेजारच्यांची कुंपणं मोडायला लागला होता. मालकानं आबाला सांगून ठेवलं होतं.

"मी त्याला वरडायलेलं ऐकनार न्हाई," ती म्हणाली. "तुमी या. मालकाला मी सांगते."

मालकाला तिनं काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण दोन दिवसांनी मालकाचा निरोप आला की सोमवारी सकाळी या.

सोमवारी सकाळी मी गेलो तेव्हा गोठ्यापुढं निम्मं गाव जमलं होतं. ज्वारीत पळणारी मंडळीही होती, कारण चिमटा त्यांच्यासाठी नाही याची आज खात्री होणार होती. आबा गोठ्याच्या दगडी कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता. मोगरी त्यानं शेजारीच ठेवली होती, उघड अशी.

गोऱ्हा फार देखणा होता. लाल कंधारी जातीचा, रंग पिकल्या मिरचीचा, डोळे काजळ घातल्यासारखे. त्याला पाहून मी घाबरलो. खोड्यातला बैल आणि अंगणात मोकळा उभा असलेला बैल हे दोन वेगळे प्राणी असतात, हे परभणीला कोणी शिकवलं नव्हतं.

"खोडा आहे का?" मी मालकाला विचारलं.

"कायचा खोडा?" मालक म्हणाला.

मग मी पुस्तकात पाहिला होता तसा दोर त्याच्या अंगाभोवती टाकायला लागलो. आकृतीत दोर ठिपक्यांनी दाखवला होता आणि तो बैलाखालून कसा काढायचा हे ठिपक्यांवरून समजत नसे. मी खाली वाकलो. गोऱ्ह्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, मग चालायला लागला. दोराचं दुसरं टोक मी मनगटाला गुंडाळलं होतं. मी त्याच्याबरोबर गेलो. आधी चालत, मग पळत, मग आडवा. कडब्याच्या गंजीला एक वळसा झाला, माझी एक चप्पल तिथं राहिली, आणि शेवटी उकिरड्यावर पोचल्यावर दोर सुटला. गोऱ्हा तसाच पुढं जाऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, मान आत घालून.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळे फार गंभीरपणे बघत होते, जणू सरकारी पद्धतीचा हा पहिला भागच आहे.

मी शेण झाडत परत आलो आणि पुन्हा दोर टाकायला लागलो. तेव्हा आबा कट्ट्यावरून उठला. त्याला ते बघवेना असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. चांगल्या सुतारापुढं कोणी उलटी करवत चालवावी तसं झालं होतं.

"असा दोर टाकत न्हाईत साहेब," तो म्हणाला. "ढोराला कळतं, ह्याला येत न्हाई मनून."

त्यानं माझ्या हातातून दोर घेतला. शिंगांपासून एक वेढा, छातीमागून एक, कमरेपुढून एक. मग मागं उभा राहून त्यानं दोर सावकाश ओढला, विहिरीतून भरलेली बादली ओढावी इतपत जोर लावून. एवढा मोठा गोऱ्हा गुडघ्यांत वाकला आणि झोपायला आडवा व्हावा तसा आडवा झाला. आबानं पाय बांधले आणि बाजूला झाला.

"घ्या," तो म्हणाला. "आता तुमचं इल्म दाखवा."

मालकीण गोऱ्ह्याच्या डोक्याशी बसली, त्याचं कपाळ खाजवत. मी चिमटा उघडला. गर्दी दोन पावलं मागं गेली. मी डावी नस धरून चिमटा लावला आणि मुठी दाबल्या. आतून 'कट्' असा बारीक आवाज आला. गोऱ्ह्यानं नाकातून फुस्स केलं आणि पाय झाडले. मी मनात आकडे मोजले, चिमटा काढला आणि उजवीकडं लावला. या वेळी मी घाई केली. सगळं गाव माझ्या बोटांकडं बघत होतं. मुठी दाबल्या, मोजलं, काढला.

"झालं," मी म्हणालो.

"काय झालं?" मालकानं विचारलं.

"काम झालं."

आबानं पाय सोडले. गोऱ्हा उठला, अंग झटकलं, मालकिणीचा पदर एकदा चावला आणि कडब्याकडं गेला. तो ओरडलाच नव्हता. मालक हातात तेल-हळदीची वाटी घेऊन उभा होता आणि ती कुठं लावायची हे त्याला समजत नव्हतं. शेवटी त्यानं ती परत आत नेली.

जमलेले लोक काही वेळ तिथंच थांबले. तमाशाला यावं आणि गणावरच पडदा पडावा तशी त्यांची अवस्था होती. एक म्हातारा म्हणाला, "चार कोसावरून आलो हो मी." मालकीण मात्र डोळे पुसत हसत होती. तिनं आत जाऊन चहा टाकला. तो मला ओसरीच्या कोपऱ्यात, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात मिळाला. त्या घरी माझा कप वेगळा होता. मी कोणाचा मुलगा हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं होतं. चहा चांगला होता, आलं घालून केलेला.

त्यानंतर तीनचार आठवडे मी गावातून मान वर करून फिरलो. दोन शेतकऱ्यांनी "पोळ्याच्या आधी आमचाबी बगू" असं म्हटलं होतं. ज्वारीत पळणं बंद झालं होतं. आबा भेटला की मीच आधी रामराम घालत असे, जरा वरच्या पट्टीत.

मग एक दिवस दुपारी मालक दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. अंगात धुतलेला सदरा होता, डोक्याला नवा पटका होता, आणि चेहरा पार उतरला होता.

"चला साहेब," तो म्हणाला. "तुमचा बैल काय करायलाय ते बगा."

गोऱ्हा माझा झाला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलं आहे.

झालं होतं असं. मालकाच्या धाकट्या बहिणीला बघायला पाथरीकडून पाहुणे आले होते. अंगणात बाज टाकली होती, पोहे चालले होते. बोलता बोलता मालकानं पाहुण्यांना गोऱ्हा दाखवला आणि सरकारी पद्धतीनं कसं बिनारक्ताचं काम केलं ते सविस्तर सांगितलं. पाहुण्यांपैकी एक जण माहिती विचारत होता. नेमकी त्याच वेळी आबाची गाय अंगणाच्या कडेच्या रस्त्यानं चालली होती, आणि ती माजावर होती. गोऱ्ह्यानं दावं तोडलं, बाजेवरून उडी मारली आणि पाहुण्यांच्या समोर, पोह्यांच्या ताटल्यांपासून हातभर अंतरावर, सरकारी पद्धत खोटी पाडली.

"आन् पाहुणे?" मी विचारलं.

"पाहुणे काय," मालक म्हणाला. "नवरदेवाचा बाप मनला, बिनारक्ताचं हाय खरं."

मी वाटेत त्याला समजावत गेलो की असं होऊ शकतं, सवय राहते, काम झालं तरी महिनाभर जनावर जुन्या खोडी विसरत नाही. हेही खरं होतं, पुस्तकात होतं.

गोठ्यापुढं पुन्हा गर्दी होती, या वेळी जास्त. पाहुणेही थांबले होते. गोऱ्ह्याला खुंट्याला बांधलं होतं आणि चार जाणती माणसं एकामागून एक खाली वाकून हात लावून बघत होती, आणि उठून आपापलं मत देत होती. मीही वाकलो. डावी बाजू सुकून लिंबाएवढी झाली होती. उजवी बाजू होती तशी, भरीव आणि ठणठणीत. माझ्या बोटांना कळलं ते तोंडानं सांगायला मला वेळ लागला.

तेवढ्यात आबा आला. त्यानं हात लावला, उठला, हात धोतराला पुसला.

"एक गेलंय," तो म्हणाला. "एक हाय."

"मंजी काय समजायचं?" मालकानं विचारलं.

"सरकारी काम हाय मालक," आबा म्हणाला. "निम्मं ह्या साली, निम्मं फुडल्या साली."

या वेळी सगळे हसले. पाहुणे सगळ्यात जास्त हसले. मलाही वाटलं असतं हसावं. पण चिमटा चुकला असता तर लोक चिमट्याला हसले असते. मी चुकलो होतो, आणि माझ्या चुकीवर लोक माझ्या बापाच्या, आजाच्या गोष्टी काढणार हे मला ठाऊक होतं. एक जण मागून पुटपुटलाही, "मेलेल्यायची सवय त्यायला." मी ते ऐकलं. आबाच्या चांगल्या कानानंही ते ऐकलं असावं, कारण त्यानं मान वळवून त्या माणसाकडं बराच वेळ पाहिलं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. चिमट्याची नाही. उजवीकडं मी घाई केली, नस निसटली आणि मी नुसती कातडी दाबली."

हसणं थांबलं. सरकारी माणूस चूक माझी म्हणतो हे त्यांनी आधी कधी ऐकलं नसावं, आणि त्यावर काय करायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"मग आबा, आना मोगरी," मालक म्हणाला. "राहिलेलं तुमी करा."

मालकीण घरातून बाहेर आली. पाहुण्यांपुढं तिनं येणं रीतीला धरून नव्हतं, पण ती आली आणि गोऱ्ह्याच्या मागं जाऊन उभी राहिली, पाठ खुंट्याला टेकून. बोलली काहीच नाही. मालक तिच्याकडं बघून गप्प झाला. धोतराच्या वेळीही असंच झालं असणार.

मग आबा बोलला, पण मालकाशी नाही. गोऱ्ह्याकडं बघत बोलला.

"हात चुकतो," तो म्हणाला. "माजाबी चुकायचा. चाळीस सालात दोन बैल मेले माज्या हातचे. घाव चिघळला, किडे पडले. तवा कोनी मला काई मनलं न्हाई, कामून की ते वरडले होते. लोकायला वाटलं, काम तर पक्कं केलं होतं."

आबानं माझ्यापुढं हात केला. "बगू तुमचं हत्यार."

मी त्याला चिमटा दिला. त्यानं तो उघडला, मिटला, त्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. "ह्याला तर धारच न्हाई."

"धार नसतेच," मी म्हणालो. "दाखवतो."

याची एक परीक्षा आम्हाला शिकवली होती. सुतळीचा तुकडा कागदाच्या घडीत ठेवायचा आणि वरून चिमटा दाबायचा. चिमटा चांगला असेल तर आतली सुतळी तुटते आणि कागद फाटत नाही. सुतळी गोठ्यात मिळाली. जाड कागद माझ्या पिशवीत एकच होता, वाटायला दिलेलं कुटुंब नियोजनाचं पत्रक. वर लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे. मी त्याची घडी करून सुतळी आत ठेवली आणि दाबलं. घडी उलगडली. सुतळीचे दोन तुकडे खाली पडले आणि ते कुटुंब जसंच्या तसं हसत होतं.

पत्रक हातोहात फिरलं. लोकांनी ते उन्हाकडं धरून बघितलं. नवरदेवाच्या बापानं स्वतः एकदा करून पाहायचं म्हटलं, आणि त्यानं केलं. आबानं मात्र सुतळीचे तुकडे उचलले आणि बराच वेळ बोटांत फिरवत राहिला.

"मला वाटायचं," तो शेवटी म्हणाला, "वरडला मंजी तुटलं. वरडायची जरूरच नव्हती मनायची."

आम्ही ते काम त्याच दुपारी पुरं केलं, दोघांनी मिळून. गोऱ्ह्याला आबानं पाडलं. मी चिमटा उघडून बसलो, तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं.

"असं न्हाई," तो म्हणाला. "बोटायनं धरा. ही कातडी. ही बाजूला सारा. आता ही घट्ट दोरीवानी लागती का? ही नस. ही पळती. मासळीवानी पळती. तिला कडंला लोटायची आन् अंगट्यानं दाबून ठिवायची."

चाळीस वर्षं ठेचण्याचं काम करून त्याच्या बोटांना जे माहीत होतं ते माझ्या पुस्तकाच्या ठिपक्यांत नव्हतं. त्यानं नस धरून ठेवली, मी चिमटा लावला. 'कट्' आवाज आला. गोऱ्ह्यानं फुस्स केलं. आबानं मानेनंच सांगितलं की आता झालं.

तो पाहुण्यांचा सोहळा मोडेल असं मला वाटलं होतं. पण सोयरीक जमली. पुढं लग्नात नवरदेवाचा बाप मला शोधत आला आणि म्हणाला की ज्या घरात सून जनावरासाठी खुंट्याला पाठ लावून उभी राहते त्या घरची पोरगी आपल्याला चालेल, असं त्याच्या मनानं तेव्हाच घेतलं होतं. मालकाचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते पाहुणे चिमट्यावर फिदा झाले. माझा कप मात्र त्या घरी मी बदलून जाईपर्यंत वेगळाच राहिला. मालकीण त्यात चहा पहिल्यापेक्षा जास्त ओतायची, काठोकाठ, बशीत सांडेपर्यंत. ते तेव्हा कसं घ्यावं हे मला कळत नव्हतं, आणि आजही नक्की सांगता येत नाही.

आबानं त्यानंतर मोगरी वापरली नाही असं मी म्हणणार नाही. दूरच्या वस्त्यांवर, जिथं माझी सायकल पोचत नव्हती, तिथं तो वापरत असे, आणि विचारलं की खोटं बोलत नसे. पण जवळच्या गावांत तो माझ्याबरोबर यायला लागला. पाडायचं आणि नस धरायचं काम त्याचं, चिमटा माझा. सायकलवर तो मागं बसे, मांडीवर चिमटा घेऊन, आणि रस्त्यात कोणी पुरुष दिसला की चिमटा उघडमीट करून दाखवी. मी त्याला दोनदा समज दिली. तो म्हणाला की ऐकू आलं नाही.

त्याची गाय गाभण राहिली होती. ती व्याली तेव्हा लाल गोऱ्हाच झाला, बापासारखाच मिरचीच्या रंगाचा. अशा घरंदाज बैलाचं वासरू फुकटात पदरात पडलं म्हणून आबा खुशीत होता, आणि मालक तक्रार करायच्या बेतात होता, पण कशाची करायची हे त्याला ठरवता आलं नाही.

मालकाचा बैल पुढं त्या भागातला नावाजलेला बैल झाला. औताला असा चालायचा की शेताच्या टोकाला वळताना हाक मारावी लागत नसे. काळ्या रानात चिखलात रुतलेली गाडी त्याच्यामुळं निघाली, अशा गोष्टी लोक सांगत. मालकाला कोणी विचारलं की हा एवढा मजबूत कसा झाला, तर तो म्हातारीनं औषध सांगावं तशा आवाजात सांगे, "दोनदा केलाय. एकदानं होत न्हाई."

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात माझ्या दवाखान्यापुढं गोऱ्हे घेऊन माणसं उभी राहिली. लांबून, दोन-दोन गावं ओलांडून आलेली. मी एकेक गोऱ्हा नीट, सावकाश, दोन्ही बाजूंनी पुरता करायचो आणि म्हणायचो, झालं, घेऊन जा.

"आन् दुसऱ्यांदा कवा आनायचा?" ते विचारायचे.

"दुसऱ्यांदा लागत नाही. दोन्ही बाजू झाल्या."

"साहेब, त्यायचं दोनदा केलंत. आमी काय परके हाव का?"

मी सुरुवातीला त्यांना समजावत असे. तो पहिला प्रकार माझ्या चुकीचा होता, हे मी किती लोकांना किती वेळा सांगितलं त्याला हिशोब नाही. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि जाताना आबाला बाजूला घेऊन विचारत की साहेबांचं मन कशानं वळेल. शेवटी आबानंच तोड काढली. त्यानं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की सव्वा महिन्यानं गोऱ्हा परत आणायचा. ते परत आणत. मी दोन्ही बाजू चाचपून बघे, दोन्ही सुकल्या आहेत याची खात्री करून घेई, आणि आबा रिकामा चिमटा जनावराच्या शेपटीजवळ एकदा उघडून मिटे. गोऱ्हा आणणारा समाधानानं दावं धरून घरी जाई.